मुलाणीसाहेबांचा पुकारा

मुलाणीसाहेबांनी पहिल्याच भेटीत माझं पातेलं पालथं केलं, खिशातली स्टीलची पट्टी त्याच्या बुडावर आडवी धरली, एक डोळा मिटून फटीतून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, याला पोट आलंय."

पातेलं माझ्या लग्नातलं. आईनं तुळशीबागेत चार दुकानं पालथी घालून आणलेलं. छत्तीस वर्षांत त्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, "छत्तीस वर्षांत माणसाला पोट येतं, पातेल्यानं काय घोडं मारलंय?"

मुलाणीसाहेब हसले नाहीत. त्यांनी वही काढली आणि माझ्यादेखत लिहिलं, 'पातेलं, मोठं, नग एक. नापास.' एकतीस वर्षं मी शाळेत शिकवलं, पास-नापास करण्याचा हक्क माझा असतो अशी माझी पक्की समजूत होती. त्या दिवशी ती गेली.

आता हे सगळं कुठून सुरू झालं ते सांगते. आम्ही बिबवेवाडी सोडून मांजरीला राहायला आलो. इमारतीचं नाव 'इक्षुगंधा'. इक्षू म्हणजे ऊस. तो तोडूनच ती बांधली, तेव्हा निदान नावात तरी राहू दे असं बिल्डरला वाटलं असावं. चार मजले, सोळा घरं. गॅसची पाइपलाइन 'येणार' होती. ती येईपर्यंत लोकांनी कुरकुर करू नये म्हणून बिल्डरनं प्रत्येक स्वयंपाकघरात एक विजेची शेगडी बसवून दिली. साधीसुधी नव्हे. वर काळी काच, काचेखाली चार गोल, समोर बटणांची रांग, आणि खाली ओव्हन. माहितीपत्रकात त्या शेगडीपुढे एक सोनेरी केसांची बाई केक घेऊन उभी होती. तिच्या अंगावर पांढरा झगा होता आणि ओट्यावर एक थेंब सांडलेला नव्हता. तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती.

पहिल्या महिन्यात काय काय झालं ते विचारू नका. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी फुलका थेट काचेवर टाकला आणि तो फुगायची वाट पाहत बसल्या. चौथ्या मजल्यावर एकीनं ओटा कमी पडतो म्हणून काचेवरच पोळ्या लाटायला घेतल्या. मी स्वतः नुकत्याच बंद केलेल्या गोलावर प्लास्टिकची चाळणी ठेवली. गोल काळा दिसत होता, म्हणजे गार असणार असं मी धरून चालले. चाळणीचा पापड झाला.

नेमके त्याच वेळी मुलाणीसाहेब दारात उभे होते. शेजारचं तीनशे दोन त्यांचं, आमचं तीनशे एक. नाकावर आलेला चष्मा वर सारत त्यांनी चाळणीकडे पाहिलं आणि आपलं ब्रीदवाक्य पहिल्यांदा उच्चारलं, "दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं, बाई." मग कोपऱ्यातल्या बारीक लाल दिव्याकडे बोट केलं. "हा दिवा आहे तोवर काच म्हणजे चूल. दिवा गेला की काच म्हणजे काच." त्यानंतरच त्यांचं लक्ष माझ्या पातेल्याकडे गेलं आणि पट्टी बाहेर आली.

मुलाणीसाहेबांची चौतीस वर्षं खडकीला दारूगोळ्याच्या कामात गेली. सुरक्षा पर्यवेक्षक. गेटवर माणसाची काडेपेटी जमा करून घ्यायची, बुटाला खिळा आहे का पाहायचं, शर्टाला धातूचं बटण आहे का पाहायचं, आणि मगच आत सोडायचं. "माझ्या पाळीत कुणाचं नखसुद्धा गेलं नाही," असं ते सांगत. एरवी बढाई मारणारा माणूस नव्हे. हे वाक्य मात्र दिवसाआड ऐकू यायचं. असा माणूस निवृत्त होऊन सोळा विजेच्या शेगड्यांच्या आणि सोळा अडाणी स्वयंपाकघरांच्या शेजारी येऊन राहिला, यात त्याचा दोष नव्हता आणि आमचाही नव्हता. दोष असलाच तर त्या केकवाल्या बाईचा.

सुरुवातीला त्यांना कुणी फारसं मनावर घेतलं नाही. ते जिन्यात गाठून सांगायचे, "दांडा आत." म्हणजे कढईचा दांडा ओट्याबाहेर येऊ द्यायचा नाही. "पदर खोचा." "भांड्याचं बूड पुसून ठेवा." "तवा सरकवायचा नाही, उचलायचा. काच आहे, कॅरमबोर्ड नाही." लोक हो हो म्हणून पुढे जायचे. त्यांचा दबदबा बसला तो बबनतात्यांच्या ओव्हनमुळे.

बबनतात्या म्हणजे आमचे चेअरमन. इमारत त्यांच्याच उसाच्या जमिनीवर उभी आहे. चार घरं त्यांची, म्हणून खुर्चीही त्यांची. आता ओव्हनचं सांगायचं तर इक्षुगंधेतल्या सोळाही घरांत त्याचा उपयोग एकच होता. कपाट. दार आहे, आत जाळीचे कप्पे आहेत, झुरळ जात नाही. आणखी काय पाहिजे? माझ्या ओव्हनमध्ये पापडाचे डबे आणि कढया होत्या. तात्यांनी आपल्या ओव्हनमध्ये सातबाऱ्याचे उतारे प्लास्टिकच्या फायलीत घालून ठेवले होते आणि सोबत कोल्हापुरी चपलांचा एक न घातलेला जोड. "चोराला सपान पडलं तरी तिथं बघनार न्हाई," असं तात्या म्हणायचे, आणि ते खरंही होतं.

मग सुट्टीत नात आली. तिनं मोबाइलवर केकची कृती लावली. पहिलीच ओळ, ओव्हन आधी तापवून घ्या. नातीनं आज्ञाधारकपणे बटण फिरवलं आणि मैदा चाळायला बसली.

वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. आम्ही खाली पोहोचलो तेव्हा तात्या ओव्हनचं दार उघडायला धावत होते आणि त्यांच्या सूनबाई पाण्याची बादली घेऊन निघाल्या होत्या. मुलाणीसाहेब आमच्याआधी पोहोचले होते. त्यांनी भिंतीवरचा मोठा खटका खाली ओढला, ओव्हनच्या दारापुढे पाठ करून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "बादली खाली ठेवा. विजेवर पाणी नाही. दार कुणी उघडायचं नाही. आत हवा नाही तोवर आग उपाशी आहे. दार उघडलं की तिला जेवायला वाढलं."

"आवो साहेब, सातबारा हाय त्यात!"

"तात्या, सातबारा तलाठ्याकडे परत मिळतो."

वीस मिनिटं ते हलले नाहीत. तात्या घामाघूम, नात रडवेली, आणि मुलाणीसाहेब सीमेवर उभे असल्यासारखे. शेवटी दार उघडलं तेव्हा आत फायलीचा गोळा, तपकिरी झालेले उतारे आणि वाकून होडीसारख्या झालेल्या चपला होत्या. घराला काही झालं नव्हतं. तात्यांनी त्या चपलांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, आजपास्नं तुमी सांगाल ते."

हे वाक्य तात्यांनी जरा विचार करून बोलायला हवं होतं. कारण दुसऱ्याच दिवशी पुकारा सुरू झाला.

पुकारा म्हणजे असं. रोज सकाळी अकराला आणि रात्री साडेआठला, स्वयंपाक आवरला की प्रत्येक घरातल्या माणसानं शेगडीपुढे उभं राहायचं. हातानं बटण दाखवायचं, डोळ्यानं पाहायचं, तोंडानं मोठ्यानं म्हणायचं. 'एक बंद, दोन बंद, तीन बंद, चार बंद. पेटी बंद. खटका बंद.' पेटी म्हणजे ओव्हन. आणि मग मागच्या गॅलरीत येऊन घराचा नंबर सांगायचा. आमच्या सगळ्या गॅलऱ्या गेटच्या बाजूला, एकावर एक. एकशे एकपासून सुरुवात, चारशे चारला शेवट. "नुसतं पाहून भागत नाही," मुलाणीसाहेबांनी सभेत समजावलं होतं. "डोळा सवयीनं फसतो. तोंडाला खोटं बोलायला जड जातं. हात, डोळा, तोंड. तिन्ही लागतात. खडकीला आम्ही असंच करायचो."

चौतीस वर्षं खडकीनं केलं म्हणून सोळा घरांनी करायला लागावं हे मला मान्य नव्हतं. पण तात्यांनी शब्द दिला होता.

या पुकाऱ्यापायी आमची काय शोभा झाली म्हणून सांगू. गेटवर भाजी विकणारी बाई गिऱ्हाइकाला सांगायला लागली, "तीनशे चार बंद झालं, आता त्या खाली येतील." आमच्याकडे जेवायला आलेल्या माझ्या नणंदेला वाटलं की इथे रोज आरती होते, आणि ती हात जोडून उभी राहिली. दोनशे एकमधला अनिकेत घरून काम करतो. तो एकदा जिन्यात माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "काकू, लिटरली माझा क्लायंट विचारतो, हे काय चाललंय बॅकग्राउंडला? मी सांगितलं सेफ्टी प्रोटोकॉल आहे. आता तो म्हणतो, व्हेरी इम्प्रेसिव्ह, डॉक्युमेंट पाठवा."

त्यातही शुक्रवारी एक जादा पुकारा. दुपारी एकला. का, कुणास ठाऊक. शुक्रवारी साहेब नमाजला जातात, म्हणजे स्वतः निघून जाणार आणि आम्ही मागे बोंबलत बसायचं, असा माझा हिशेब. बरं, नीट निघूनही जायचे नाहीत. टोपी घालून गेटपाशी जायचे आणि त्यांची ती जुनी स्कूटर नेमकी शुक्रवारीच सुरू व्हायची नाही. किक मारायचे, थांबायचे, वाकून बघायचे, परत किक. आमचा पुकारा संपेपर्यंत हे चालायचं. मी गॅलरीतून बघायचे आणि मनात म्हणायचे, दुसऱ्यांच्या पातेल्यांची बुडं तपासण्यापेक्षा आपल्या स्कूटरचा प्लग साफ करा.

माझ्या रागाला आणखी एक कारण होतं. माझी स्मरणशक्ती. तिचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. पस्तीस वर्षांपूर्वीच्या वर्गातल्या मुलांचे हजेरी क्रमांक मी आजही सांगते. आयुष्यात यादी करून बाजारात गेलेले नाही. असल्या बाईला रोज दोनदा एक बंद, दोन बंद म्हणायला लावायचं म्हणजे गवयाला सा कुठे आहे ते दाखवण्यासारखं.

तरी माणसाचं श्रेय माणसाला द्यायला हवं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिळाच्या वड्यांचा गुळाचा पाक उतू जाऊन काचेवर पसरला. मी ओलं फडकं उचललं, तोच वासावरून साहेब हजर. "ओलं नको, वाफेनं हात भाजेल. बटण बंद करा. आणि गार व्हायची वाट बघू नका. बाकी काहीही सांडलं तर गार झाल्यावर पुसा, पण साखर आणि गूळ गरम असतानाच काढायचा. गार झाला की निघताना काचेचा टवका घेऊन निघतो." हातात जाड मोजा चढवून, सोबत आणलेलं पातं तिरकं धरून त्यांनी पाव तास पाक खरवडला. काच आरशासारखी करून दिली. मग पात्यावरचा पाक निरखून म्हणाले, "पाक एकतारीच्या पुढे गेला होता, बाई. वड्या कडक झाल्या असत्या." हे सांगायची काही गरज नव्हती.

त्यांच्यामागे भाभी दारात उभ्या होत्या. जुबेदाभाभी, त्यांच्या बेगम. गोऱ्यापान, ठेंगण्या, डोक्यावरचा पदर कधी न ढळणाऱ्या. "बाई, तुम्ही कुठल्या शाळेत होता?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्या मला दर भेटीत विचारायच्या. मला माझ्या शाळेबद्दल सांगायला आवडतं, त्यामुळे मी दर भेटीत सांगायचे. भाभींचा हात मोठा सढळ. सकाळी वाटीभर खिचडा पाठवायच्या आणि दुपारी परत तीच वाटी भरून. तसा खिचडा मी दुसरीकडे खाल्लेला नाही. दुसऱ्या वाटीलाही मी कधी नाही म्हटलं नाही.

आणि मग खरोखरच गॅसची लाइन आली. खड्डे खणले, पिवळ्या नळ्या भिंतीवर चढल्या, बायकांनी पेढे वाटले. फुलका फुगणार होता, वांगं भाजता येणार होतं. सगळ्या शेगड्या एकदम परत द्यायच्या असं ठरत होतं. मुलाणीसाहेब तेवढे गप्प. त्यांनी तात्यांना चिठ्ठी दिली, 'आम्ही गॅस घेणार नाही. इतरांनी जरूर घ्यावा. परंतु पुकारा चालू ठेवावा ही नम्र विनंती.' शेगडी नाही आणि पुकारा चालू! मला निमित्तच हवं होतं. रविवारच्या सभेसाठी मी ठराव लिहिला, 'पुकाऱ्याचे प्रयोजन संपले असल्याने तो तत्काळ बंद करण्यात यावा.' अक्षर वळणदार, भाषा निर्दोष. चौदा सह्या दोन तासांत झाल्या.

आता माझी एक शिस्त आहे. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याला आधी प्रत द्यायची. म्हणून शनिवारी सकाळी पावणेअकराला मी ठरावाची प्रत घेऊन तीनशे दोनची बेल वाजवली.

साहेबांनी दार उघडलं, कागद घेतला, उभ्याउभ्याच वाचला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "बसा," म्हणाले. "हिच्या हातचा चहा घेऊन जा."

भाभी स्वयंपाकघरात होत्या. मी जिथे बसले होते तिथून शेगडी दिसत होती. त्यांनी चहा केला, गाळला, बटण बंद केलं, आमच्यापुढे कप ठेवले. "बाई, तुम्ही कुठल्या शाळेत होता?" मी सांगितलं. त्या हसल्या, परत आत गेल्या, शेगडीपुढे उभ्या राहिल्या आणि जरा वेळ विचार करून त्यांनी पुन्हा बटण लावलं. वर काहीच नव्हतं. रिकामी काच हळूहळू लाल झाली. मग त्या खिडकीपाशी जाऊन कोथिंबीर निवडायला लागल्या.

मी साहेबांकडे पाहिलं. ते शेगडीकडे पाहत होते, पण उठले नाहीत. मी उठायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. अकराला दोन मिनिटं होती.

मग खालून आवाज आला. एक बंद, दोन बंद, तीन बंद, चार बंद. एकशे एक. मग एकशे दोन. अनिकेतचा झोपाळलेला आवाज, दोनशे एक. भाभींनी कोथिंबीर खाली ठेवली. पदरानं हात पुसले, शेगडीपुढे आल्या, बोट उचललं. "एक बंद. दोन बंद." तिसऱ्याशी बोट थांबलं. त्यांनी वाकून पाहिलं, बटण फिरवलं. "तीन बंद. चार बंद. पेटी बंद. खटका बंद." गॅलरीत जाऊन त्यांनी ठणठणीत आवाजात नंबर सांगितला आणि परत येऊन कोथिंबीर हातात घेतली. चेहऱ्यावर काम चोख झाल्याचं समाधान.

साहेब मला सोडायला आमच्या दारापर्यंत आले. तिथे म्हणाले, "हिचं हे सुरू होऊन तीन वर्षं झाली. खडकीला गॅस होता. दोनदा उघडा राहिला. दुसऱ्यांदा शेजाऱ्यांना वास आला म्हणून आम्ही दोघं आहोत. मुलगा बंगळूरला असतो. म्हणाला, अम्मीला आता ओट्यापाशी जाऊ देऊ नका, स्वयंपाकाला बाई ठेवा. ठेवली. ही तीन दिवस स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून राहिली. चौथ्या दिवशी मला म्हणाली, मग मी सकाळी उठायचं कशाला?"

मी आमचं उघडं दार ओढून घेतलं.

"मग ही इमारत शोधली. गॅस नाही, ज्योत नाही. पण बटण राहतंच. मी बंद केलं की तिचा चेहरा उतरतो, बाई. मी आठवण केली की विचारते, मला वेडी समजता का. खडकीला एकट्या माणसाला कधी तपासायचं नाही, सगळी पाळी तपासायची, म्हणजे कुणाला अपमान वाटत नाही. तेच केलं. सोळा घरं म्हणतात म्हणून ती म्हणते. शुक्रवारी मी नसतो, म्हणून तो एकचा पुकारा. तिचा आवाज ऐकल्याशिवाय गेटमधून पाय निघत नाही." त्यांनी ठरावाची घडी केली. "तुमचं बरोबर आहे. शेगड्या गेल्यावर लोकांनी कशाला ओरडावं. भाषा फार छान आहे ठरावाची."

माझ्या आयुष्यात माझ्या भाषेचं इतकं वाईट कौतुक कुणी केलं नव्हतं. घरी येऊन मी पापडाचे डबे ओव्हनमधून काढले, परत ठेवले, परत काढले. शुक्रवारच्या स्कूटरवरून मी मनात काय काय बोलले होते ते एकेक आठवत होतं. एवढी चांगली स्मरणशक्ती असणंही बरं नाही.

रविवारी पार्किंगमध्ये सभा. खुर्च्या मांडलेल्या, पुढच्या रांगेत साहेब आणि त्यांच्या शेजारी भाभी. तात्या म्हणाले, "बाई, वाचा तुमचा ठराव."

मी उभी राहिले. म्हटलं, "ठराव मी मागे घेते."

कुजबुज झाली. तात्यांनी विचारलं, "का वो?"

खरं कारण सांगायचं नव्हतं, ते माझं नव्हतंच. दुसरं कारण शोधायला हवं होतं, आणि मला एकच सुचलं. "कारण मी विसरते," मी म्हटलं. "हल्ली माझ्या काही लक्षात राहत नाही. परवा पेटी दुपारभर चालू राहिली, रात्रीच्या पुकाऱ्याला कळलं. पुकारा आहे म्हणून माझं निभतंय. गॅस आला म्हणजे तर मला जास्तच भीती. तेव्हा माझ्यासाठी म्हणून, सगळ्यांनी चालू ठेवावा अशी माझी विनंती आहे."

शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी संस्कृतात शिवी दिली. पानसेबाई विसरतात! उद्या हे भाजीवालीपर्यंत जाणार, परवा माझ्या जुन्या शाळेपर्यंत. जाऊ दे म्हटलं. अनिकेतनं सगळ्यात आधी हात वर केला, "काकू, डोन्ट वरी, मी अलार्मच लावतो." मग एकेक हात वर गेला. तात्या म्हणाले, "मास्तरीनबाईंसाठी येवढं करायलाच पायजे. दोन मिन्टाचं तर काम हाय."

भाभी उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझा हात हातात घेतला. "बाई, वयात असं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "लाजायचं नाही. मी आहे ना शेजारी."

साहेब खिशातल्या पट्टीकडे पाहत होते.

संध्याकाळी बेल वाजली. दारात मुलाणीसाहेब, हातात वही. आत आले, मांडणीवरून माझं लग्नातलं पातेलं उतरवलं, पालथं केलं, पट्टी धरली, एक डोळा मिटला. फटीतून पलीकडची भिंत दिसत होती, ती मलासुद्धा दिसली. "पोट आहे," ते म्हणाले, "पण चालेल." जुनी नोंद खोडून त्यांनी 'पास' लिहिलं, खाली सही केली आणि माझ्याकडे न पाहता निघून गेले.

आता आमच्याकडे गॅस आहे. शेगडीला बर्नर दोनच. पेटी नाही, भिंतीवर खटका नाही. गेल्या शुक्रवारी एकला मी गॅलरीत उभी राहून म्हटलं, "एक बंद, दोन बंद. तीनशे एक," आणि आत वळले.

"बाई," शेजारच्या गॅलरीतून भाभींचा आवाज आला, "तीन आणि चार राहिले तुमचे."

मी परत फिरले. "तीन बंद," मी म्हटलं, "चार बंद."

"पेटी?"

"पेटी बंद. खटका बंद."

"शाब्बास," भाभी म्हणाल्या. मग त्यांनी मान वळवून आपल्या शेगडीकडे बोट केलं, एकेक बटण नीट पाहिलं, आणि खणखणीत आवाजात तीनशे दोन बंद केलं.

खाली गेटपाशी स्कूटर पहिल्याच किकला सुरू झाली.